जांभ्याच्या मातीतून ‘मंगळाचं पाणी’: मातीचं किती, हवेचं किती?

मंगळाच्या मातीतून पाणी काढायचा प्रयोग हल्ली बऱ्याच शाळा विज्ञान प्रदर्शनात मांडतात. लाल माती तापवायची, वाफ थंड करायची, बाटलीत थेंब जमले की झालं. मी कोकणातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मुलांकडून ही मॉडेलं करून घेतो, दुसऱ्या शाळांचीही बघतो. त्यांतल्या बहुतेकांत जमलेलं पाणी मातीचं नसतंच. ते आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेचं असतं.

आमच्याकडूनही हे झालं आहे. तांब्याची नळी बर्फाच्या बादलीतून काढली होती आणि तिच्या टोकाखाली उघडं चंचुपात्र ठेवलं होतं. अर्ध्या तासात एक मुलगा ओरडला, “सर, पाणी इला!” चार मिलिलिटर भरलं. परीक्षकांनी मातीची नळी काट्यावर ठेवायला सांगितली. माती अर्ध्या ग्रॅमनेही हलकी झालेली नव्हती. मग चार ग्रॅम पाणी आलं कुठून? गार नळीला बाहेरून घाम फुटत होता आणि तो ओघळून पात्रात पडत होता. मुलांचे चेहरे उतरले. मांडणी मी सांगितलेली होती, चूक त्यांची नव्हती.

खाली जो क्रम दिला आहे तो आठवी ते दहावीच्या मुलांना शिक्षकांसोबत नीट करता येतो. दोन दिवस लागतात. त्यातला पहिला दिवस निव्वळ वाळवण्यात जातो, आणि तोच दिवस सगळे वाचवायला बघतात.

१. आधी आकडा ठरवा, मग सामान आणा

२०१२ मध्ये ‘नासा’च्या क्युरिऑसिटी गाडीने मंगळावरच्या गेल विवरातल्या रॉकनेस्ट या जागची माती उचलली आणि आपल्या पोटातल्या भट्टीत ८३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. वजनाच्या साधारण २ टक्के पाणी निघालं. हे पाणी म्हणजे पावसाळ्यात भिंतीला येते तशी ओल नव्हे. ते मातीच्या कणांच्या अंगातच धरलेलं असतं. हाताला ती माती ठणठणीत कोरडी लागेल.

आपण ४० ग्रॅम मिश्रण घेणार आहोत. त्याचे २ टक्के म्हणजे ०.८ ग्रॅम, ड्रॉपरने मोजले तर सोळा-एक थेंब. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा. प्रयोगात बाटली भरली तर आनंद करायचा नाही, कुठे गळती आहे ते शोधायचं.

मंगळावर पाणी मिळवायचा दुसरा मार्ग म्हणजे उत्तरेकडच्या मैदानांत जमिनीखाली असलेला बर्फ. तो वेगळा प्रयोग आहे. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये कोंबले तर बघणाऱ्याला एकही समजत नाही.

२. माती कुठली आणायची

मंगळाची माती मुळात बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्याच जातीची आहे. तिचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा. त्यामुळे मिश्रणाचा मोठा भाग काळ्या दगडाचा हवा, जांभा फक्त थोडा. मुलं नेमकं उलट करतात, कारण डोळ्यांना लाल दिसायला हवं असतं.

काळ्या दगडाची डस्ट क्रशरवर मूठभर मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. घेताना पांढरे, चमकदार कण फार असलेला ढीग टाळा. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे पांढरे स्फटिक असतात आणि तापवले की ते स्वतःच पाणी सोडतात. जांभ्याची भुकटी चिरेखाणीतून आणा. जिथे चिरे कापले जातात तिथे ती तयारच पडलेली असते. रस्त्याकडेची नको, त्यात तेल आणि डांबर असतं.

पाणी धरून ठेवणारा घटक म्हणून जिप्सम घ्यायचं. मंगळावर ते खरंच आहे: ऑपॉर्च्युनिटी गाडीला २०११ मध्ये खडकात जिप्समची पांढरी शीर सापडली होती. आपल्याकडे ते घरीच होतं. गणपतीच्या शाळेतून (मूर्ती घडवतात तिथून) किंवा हार्डवेअरच्या दुकानातून १०० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस आणा, ६०-७० मिलिलिटर पाण्यात कालवा, थापून घट्ट होऊ द्या. घट्ट झालेला तुकडा म्हणजेच जिप्सम. पोतं पावसाळाभर उघडं राहिलेलं असेल तर आतलं प्लास्टर तिथेच ओल धरून बसतं आणि नीट घट्ट होत नाही. नवीन पुडी घ्या.

मीठ लागेल ०.२ ग्रॅम, पुडीतलं बारीक. ते कशासाठी हे आठव्या टप्प्यात येईल.

समुद्राची वाळू आणू नका. रत्नागिरीकडची काळी वाळू मंगळावरच्या टेकाडांसारखी दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि खार असतो. बागेतली मातीही नको. पालापाचोळ्याचा अंश जळतो, धूर होतो आणि पाणी पिवळट, वासाचं येतं.

सावधान: दगडाची डस्ट हाताळताना नाकाला मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसांना वाईट.

३. वाळवणं: हा दिवस चोरू नका

इथे दोन वेगळी वाळवणं आहेत आणि ती एकत्र केली की प्रयोग संपला.

डस्ट आणि जांभा ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १०५ अंशांना तीन तास ठेवा. मातीच्या प्रयोगशाळेत ओल काढायची हीच रीत आहे. जिप्सम मात्र या ताटात चुकूनही जाऊ देऊ नका. १०५ अंशांवर त्याच्या अंगातलं पाणी सुटायला लागतं. आपण जे पाणी उद्या गोळा करणार ते आजच ओव्हनमध्ये उडून जातं आणि दुसऱ्या दिवशी मुलं रिकाम्या नळीकडे बघत बसतात. जिप्समचा तुकडा फोडून, भरडून, ४०-४५ अंशांवर वाळवायचा. मार्चच्या उन्हात काळ्या पत्र्यावर पातळ फडक्याखाली ठेवला तरी काम होतं, पण पत्रा हाताला चटका बसण्याइतका तापला तर सावलीत ओढा. दर दोन तासांनी वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की वाळलं.

वाळलेली माती गार कुठे करता यालाही तितकंच महत्त्व आहे. ताटातच उघडी ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ती हवेतली ओल प्यायलेली असते. जांभ्याच्या भुकटीला ही सवय जास्त. एप्रिलमध्ये ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत २४ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. आपल्याला शोधायचं आहे पाऊण ग्रॅम. तेव्हा माती गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणीत सिलिका जेल ठेवा.

सिलिका जेलबद्दलही एक सांगतो. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या आपल्याकडे पोचेपर्यंत ओल पिऊन भरलेल्या असतात. पुडी फोडून दाणे १२० अंशांना दोन तास तापवा, मग वापरा.

तपासा: बरणीतली माती अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा तोला. वजन वाढलं असेल तर झाकण सैल आहे किंवा जेल मेलेलं आहे.

४. मिसळणं आणि चाळणं

४० ग्रॅमचं माप असं: काळ्या दगडाची डस्ट ३३.८ ग्रॅम, जांभा २ ग्रॅम, जिप्सम ४ ग्रॅम, मीठ ०.२ ग्रॅम. ४ ग्रॅम शुद्ध जिप्सममध्ये ०.८४ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे मिश्रणाच्या २.१ टक्के. मंगळाच्या आकड्याशी जुळतं. तोलायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल, सोनार किंवा मसालेवाले वापरतात तसा. किराणावाल्याच्या काट्यावर हा प्रयोग होत नाही.

मिसळायच्या आधी सगळं साधारण एक मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ढेकळं राहिली तर बाहेरचा थर तापतो आणि आतला थंड राहतो. २००८ मध्ये फीनिक्स यान मंगळाच्या उत्तरेकडे उतरलं. त्याने पहिल्यांदा माती भट्टीच्या तोंडावर टाकली तेव्हा ती चिकट ढेकळांमुळे जाळीतून खालीच उतरेना. जाळी पुन्हा पुन्हा हलवावी लागली, सातव्या वेळी भट्टी भरली. त्या जाळीची भोकंही एक मिलिमीटरचीच होती. मुलांना चाळणी हातात देताना मी ही हकीकत आवर्जून सांगतो, मग ती कंटाळा न करता चाळतात.

५. मांडणी

लागेल ते: २५ मिलिमीटर व्यासाची जाड, कठीण काचेची परीक्षानळी मातीसाठी, तशीच दुसरी पाणी जमवायला, रबराचे दोन-भोकी बूच दोन, वाकवलेली काचेची नळी, काचेची लोकर, केकचं लांबट अॅल्युमिनिअमचं भांडं, कोरडी वाळू, हॉटप्लेट, आणि मल्टिमीटरला लावायचा तापमानाचा प्रोब.

हॉटप्लेटच का, गॅस का नाही? एक ग्रॅम गॅस जळला की दीड ग्रॅमहून जास्त पाण्याची वाफ हवेत जाते. ही वाफ शेजारच्या बर्फात ठेवलेल्या काचेवर आनंदाने बसते. प्रयोगशाळेत फक्त बर्नरच असेल तर बर्नर आणि जमवणाऱ्या नळीच्या मध्ये पत्र्याचा उंच आडोसा लावा.

केकच्या भांड्याच्या एका टोकाला खाच पाडा, वाळू भरा आणि मातीची नळी तिच्यात आडवी अर्धी पुरा. तोंड खाचेतून बाहेर, चार बोटं मोकळं. वाळू आधी तापवून पूर्ण कोरडी केलेली हवी. ओल्या वाळूची वाफ हा आणखी एक चोर. माती नळीत आडवी पसरवा म्हणजे वर वाफेला जायला वाट राहते. तोंडाजवळ काचेची लोकर सैलसर कोंबा. मातीचे कण उडून पुढे गेले तर ती अडवते.

नळीचं तोंड तळापेक्षा बोटभर खाली हवं. यात भलेभले चुकतात. तोंड वर राहिलं तर गार भागात जमलेलं पाणी ओघळत मागे येतं आणि तापलेल्या काचेवर पडतं. काच तडकते.

मातीच्या नळीच्या बुचातल्या एका भोकातून तापमानाचा प्रोब थेट मातीत घाला, दुसऱ्यातून वाकवलेली नळी. जमवणाऱ्या नळीच्या बुचात एका भोकातून ही वाकवलेली नळी आत तळाच्या जवळ न्या, पण तळाला टेकवू नका. दुसऱ्या भोकात आखूड नळी आणि तिच्या टोकाला सिलिका जेल भरलेली छोटी नळी जोडा. जमवणारी नळी बर्फाच्या पाण्यात उभी करा. बर्फाच्या भांड्यावर कापडाची कॉलर घाला, बाहेरचा घाम बुचापर्यंत चढता-उतरता कामा नये.

सावधान: सिलिका जेलची वाट कधीही बंद करू नका. ती बंद झाली तर आत दाब वाढतो आणि बूच उडतं किंवा काच फुटते. चालू करण्याआधी त्या वाटेने हलकेच फुंकून बघू नका, तोंडातली वाफ आत जाते. सायकलच्या पंपाने हळू हवा देऊन वाट मोकळी आहे का ते पाहा. डोळ्यांना चष्मे सगळ्यांनी लावायचे, बघणाऱ्यांनीसुद्धा.

६. रिकामी फेरी: हिच्याशिवाय बाकी सगळं फुकट

आता मातीची नळी मिश्रणाने नव्हे, ४० ग्रॅम नुसत्या वाळवलेल्या डस्टने भरा. बाकी सगळं अगदी तसंच: तेवढाच बर्फ, तेवढंच तापमान, तेवढाच वेळ. शेवटी जमवणाऱ्या नळीचं वजन किती वाढलं ते मोजा.

आत कोंडलेली हवा शंभर-एक मिलिलिटर असते. त्या हवेतलं पाणी ०.००३ ग्रॅमसुद्धा भरत नाही, आपल्या काट्याला ते दिसणारही नाही. म्हणजे मांडणी घट्ट असेल आणि डस्ट खरोखर कोरडी असेल, तर या फेरीत जवळजवळ काहीच जमता कामा नये. ०.०५ ग्रॅमपर्यंत मी चालवून घेतो आणि नंतर तेवढं वजा करतो. त्याहून जास्त आलं तर मुलांना पुढे जाऊ देत नाही.

जास्त आलं तर कुठे बघायचं? आधी बुचं. रबर जुनं असेल तर भोकांभोवती बारीक चिरा असतात, त्या बोटाने दाबल्या की दिसतात. मग डस्ट: पुन्हा वाळवा. मग वजन करायची पद्धत, आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. बर्फातून काढलेली नळी तशीच काट्यावर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत चढायला लागतो. काचेवर आधी धुकं येतं, मग बारीक थेंब, मग ते एकमेकांत मिसळून खाली घरंगळतात. हे सगळं हवेतून येतं. किनाऱ्यावर उन्हाळ्यात हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, त्यापेक्षा गार काहीही बाहेर काढलं की त्याला घाम फुटणारच. नळी बंद बुचानिशी पुसा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसा, मगच तोला. वीस मिनिटं लागतात. ती द्या.

पावसाळ्यात हा प्रयोग करूच नये असं माझं मत आहे. डिसेंबर-जानेवारीत, सकाळचं दंव ओसरल्यावर आणि दुपारचा खारा वारा सुरू व्हायच्या आधी, म्हणजे साधारण दहा ते बाराच्या दरम्यान, हवा त्यातल्या त्यात बरी मिळते. पंखा बंद ठेवा, काटा डोलतो.

७. तापवणं, थांबवणं, तोलणं

मिश्रण भरलेली नळी आणि रिकामी जमवणारी नळी, दोन्ही आधी तोलून आकडे लिहा. वाकवलेली नळीही वेगळी तोला, कारण तिच्यातही थेंब अडकतात.

हॉटप्लेट मंद आचेवर सुरू करा. प्रोब १५० ते १६० अंश दाखवेल तिथे चाळीस मिनिटं थांबा. या तापमानाला जिप्सममधलं तीन चतुर्थांश पाणी सुटतं, आपल्या मापात सुमारे ०.६३ ग्रॅम. घाई करून आच मोठी केली तर वाफ एकदम उसळते आणि माती लोकरीसकट पुढे ढकलते. वाळू २५० अंशांना पोचली म्हणून आतली मातीही पोचली असं समजू नका. माती उष्णता फार सावकाश आत घेते. प्रोब मातीत आहे तो यासाठीच.

मग २२० ते २५० अंशांपर्यंत वाढवा आणि आणखी अर्धा तास ठेवा. उरलेलं पाणी आता येतं आणि एकूण आकडा ०.८४ च्या दिशेने सरकतो. जांभ्यातल्या लोखंड-अॅल्युमिनिअमच्या खनिजांतही पाणी असतं, पण ते याच्याही वर सुटतं. त्याच्या मागे लागून काच आणि बूच धोक्यात घालू नका.

थांबवताना क्रम असा: आधी वाकवलेली नळी जमवणाऱ्या बुचातून सोडवा, मग हॉटप्लेट बंद करा. उलट केलंत तर गार होणारी नळी आतून ओढ घेते आणि जमलेले थेंब मागे खेचले जातात. सोडवल्यावर मातीच्या नळीला लगेच सिलिका जेलची नळी जोडा, म्हणजे ती गार होताना कोरडीच हवा आत घेईल. गरम नळी काट्यावर ठेवू नका. तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि काटा कमी वजन दाखवतो.

आता हिशोब. मातीची घट किती? जमवणाऱ्या आणि वाकवलेल्या नळीची वाढ किती? वाढीतून रिकाम्या फेरीचा आकडा वजा करा.

तपासा: वाढ घटीपेक्षा कमीच असली पाहिजे. थोडं पाणी लोकरीत राहतं, थोडं सिलिका जेलपर्यंत जातं. वाढ घटीपेक्षा जास्त आली, तर कितीही थेंब दिसोत, ते पाणी मातीचं नाही. निकाल लिहू नका, पुन्हा सहाव्या टप्प्यावर जा.

समजा घट ०.८० आली आणि वाढ ०.६१. काही मुलं हे बघून हिरमुसतात आणि वहीत ०.६१ चं ०.८१ करून टाकतात. तसं करू देऊ नका. ०.६१ हाच चांगला निकाल आहे आणि उरलेलं ०.१९ कुठे गेलं हे सांगता येणं त्याहून चांगलं. माझ्या मते परीक्षकांनी गुण तिथे द्यावेत.

८. पाणी ‘वापरण्याजोगं’ आहे का

इथे बहुतेक मॉडेलं थांबतात. पाणी निघालं म्हणजे पिता येतं असं नाही. फीनिक्सला मंगळाच्या मातीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास परक्लोरेट क्षार सापडले. ते पोटात गेले तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. शिवाय माती जास्त तापवली की ते फुटतात. क्युरिऑसिटीच्या भट्टीतून पाण्यासोबत ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड आणि क्लोरीनची संयुगंही निघाली होती. यामुळेच मोठी आच लावून सगळं पाणी एका दमात काढणं हा मंगळावरही शहाणपणा नाही. कमी तापमानाला थोडं कमी पाणी मिळालं तरी ते साफ करायला सोपं.

सावधान: खरं परक्लोरेट शाळेत आणू नका. ते आग भडकवणारं रसायन आहे. मीठ त्याच्या जागी आहे.

जमलेल्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचपट्टीवर वाळू द्या. डाग राहिला तर मातीची धूळ पुढे आली आहे, लोकर नीट लावा. दुसऱ्या थेंबात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका, शिक्षकांनी हातमोजे घालून. मीठ वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे थेंब नितळ राहायला हवा. दुधाळ झाला तर मीठ उडून आलं. तिसऱ्या थेंबाने निळा लिटमस ओला करा.

हीच फेरी वेळ असेल तर खडेमिठाने पुन्हा करा. मिठागरातल्या खडेमिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते आपण घरोघरी बघतो. त्याला कारण त्यातलं मॅग्नेशिअम क्लोराइड, आणि परक्लोरेटही हवेतली वाफ अशीच ओढून घेतं. ओलं मॅग्नेशिअम क्लोराइड तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. निळा लिटमस लाल झाला तर मुलांना प्रत्यक्ष दिसतं की मिठाची जात बदलली आणि पाणी बिघडलं. त्याची चव कुणीही घ्यायची नाही, पहिल्या फेरीच्या पाण्याचीही नाही.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन येऊ नका. पाऊण मिलिलिटरमध्ये त्याचं टोकही बुडत नाही.

९. फलकावर काय लिहायचं

मॉडेलशेजारच्या फलकावर मंगळाचा गुळगुळीत इतिहास नको. आपली मांडणी तिथे कुठे बदलावी लागेल ते लिहा.

पहिलं म्हणजे दाब. मंगळावरचा हवेचा दाब साधारण ६ मिलिबार, आपल्या समुद्रसपाटीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तिथे उघड्यावर थेंब टिकत नाही. फीनिक्सने खणलेल्या चरात दिसलेले बर्फाचे पांढरे तुकडे चार दिवसांत न वितळता थेट वाफ होऊन गेले. म्हणून तिथली भट्टी बंदच हवी, आणि खणलेली माती लगेच झाकायला हवी. आपण हवा बाहेर ठेवायला बुचं घट्ट करतो, तिथे वाफ आत ठेवायला करावी लागतील. थंडी मात्र फुकट मिळेल. सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास असल्याने बर्फाचं भांडं लागणार नाही.

दुसरं म्हणजे माती किती आणि वीज किती. २ टक्क्यांच्या मातीतून सगळं पाणी निघालं असं धरलं तरी एका लिटरला ५० किलो माती लागते. ती उणे ६० वरून ३०० अंशांवर न्यायची. मातीचा एक किलो एक अंशाने तापवायला ०.८ किलोज्यूल धरले, तर नुसत्या तापवण्याला ४ युनिट वीज आणि वाफ करायला आणखी सुमारे ०.७. भिंतींतून वाया जाणारी उष्णता यात धरलेली नाही. घरात रोज किती लिटर पाणी लागतं ते मुलांना विचारा आणि गुणाकार त्यांनाच फळ्यावर करू द्या. विहिरीवर पंप लावून ओसरीत पाणी येणाऱ्या घरातली मुलं तो आकडा बघून गप्प होतात.

१०. आवरताना

वापरलेली माती नळीत असताना पाणी घालू नका. तापवलेलं जिप्सम आता पुन्हा प्लास्टर झालेलं आहे, थोडं पाणी लागलं तरी ते आत घट्ट धरून बसेल आणि नळी फेकावी लागेल. आधी कोरडी माती ठोकून बाहेर काढा, नळी कोरड्या ब्रशने झाडा, मग धुवा.

ती माती टाकूनही देऊ नका. तोलून उघड्या बशीत रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला. जेवढं वजन वाढेल ते सगळं रात्रीच्या हवेतून आलेलं पाणी. तो आकडा तुमच्या निकालाच्या शेजारीच लिहा.